बाबांनी विचारलेला प्रश्न

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. बीबीच्या पोराला तो दिसणार तरी कुठून? लहानपणी आमच्या तालुक्यातले लोणारचे सरोवरच मला समुद्र वाटे. पाणी खारे म्हणजे समुद्र, एवढीच माझी व्याख्या होती. असा मी गेल्या वर्षी व्यासपीठावरून समुद्रावर बोललो, आणि त्या बोलण्यात एक गोष्ट गाळली. ती आज लिहितो आहे.

२३ जानेवारीची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी नेताजींचा पाणबुडीतला प्रवास हा विषय घेतला होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते जर्मनीतील कील बंदरातून पाणबुडीने निघाले. २८ एप्रिलला मादागास्करजवळ, खवळलेल्या दर्यात, ते व आबिद हसन रबरी होडीतून एका जपानी पाणबुडीवर गेले. तिचे नाव आय-२९. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. भाषण रंगवावे म्हणून मी त्या पाणबुडीची आणखी माहिती काढू लागलो, तेव्हा हाती दुसरेच नाव लागले. ते नाव होते ‘तिलावा’.

तिलावा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर एकूण ९५८ माणसे होती. त्यांत ७३२ प्रवासी, बहुतेक आपलेच लोक, पोटासाठी आफ्रिकेत गेलेले, बायकामुलांसह. २२२ खलाशी व इतर कामगार. पोटात चांदीच्या २,३६४ विटा. २३ तारखेला पहाटेच्या अंधारात पहिला पाणतीर बसला. होड्यांसाठी एकच झुंबड उडाली. बोट लगेच बुडेना, म्हणून काही जण परत तिच्याकडे वळले. तोच दुसरा पाणतीर बसला. वाचलेले दोन दिवस पाण्यावर तरंगत राहिले. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने त्यांना उचलले. २८० माणसे गेली.

पाणतीर सोडणारी पाणबुडी होती आय-२९.

त्या वेळी नेताजी जर्मनीत होते. त्यांचा या घटनेशी काडीचाही संबंध नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी घाबरलो. हे सांगितले तर कोणाला वाटेल, हा नेताजींना कमीपणा आणतो. परीक्षक गुण कापतील. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बक्षीस मिळवणे माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

भाषणाची तालीम मी घरीच केली. आई सुपात तूर पाखडत होती. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना आदल्या रात्री मी तिलावाची सारी हकीकत सांगितली होती. भाषण संपल्यावर ते म्हणाले, “लय चांगलं झालं. पन त्या बुडालेल्यायचं नाही सांगत का?”

“बाबा, तो विषय नाही.”

“पानबुडी तर तीच हाये ना?”

मी उत्तर दिले नाही. स्पर्धेत टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र बाबांनीच खिळा ठोकून भिंतीवर लावले. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पुढे कळले की समुद्राच्या तळाशी पडलेली ती चांदी एका कंपनीने २०१७ मध्ये वर काढली. ती कोणाची, यावर खटला चालला आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विटांचा हिशेब विटेगणिक लागला. माणसांसाठी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला स्मरणाचा कार्यक्रम झाला तो २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी.

मला त्या खलाशांचे फार वाटते. त्या काळी अशा बोटींवर कोकण, गोवा, गुजरातेतली खेड्यांतली पोरे कोळसा ओढीत, दोर ओढीत. बोट बुडू लागली की प्रवासी जीव वाचवायला धावतो. खलाशाला मात्र आधी होड्या खाली सोडाव्या लागतात. आमच्या गावातली पोरेही पुण्याला, सुरतेला कामाला जातात. एखादा परत येत नाही तेव्हा वर्तमानपत्रात नुसता आकडा येतो. नाव फक्त त्याच्या घराला माहीत असते.

आय-२९ देखील २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. तिच्यातलीही माणसेच होती.

नेताजींविषयीचा माझा आदर तिळभरही कमी झालेला नाही. ज्या पाणबुडीने त्यांना सुखरूप पूर्वेकडे पोचवले, तिनेच पाच महिने आधी आपली माणसे बुडवली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच भाषणात मावल्या असत्या. मीच एक बाहेर ठेवली.

बाबांना वाचता येत नाही. हा अंक हाती आला की घरी नेऊन मी त्यांना हे वाचून दाखवणार आहे.