उपणणी आणि कृष्णविवर

मी शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून. शिक्षण बी.कॉम. विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटला. परवा मुलीने विचारलं, "बाबा, कृष्णविवर जवळ येईल ते सगळंच गिळतं का?" मी बेधडक "हो" म्हणालो. नंतर पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की आपण लेकराला चुकीचं सांगितलं.

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही, हे खरं. पण शेजारच्या ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, तेव्हा तो भोवती चकतीसारखा फिरतो, लाखो अंश तापतो आणि आत पडण्याआधीच क्ष-किरण फेकतो. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास अवघा 20-25 किलोमीटर, वजन मात्र सूर्याहून जास्त. त्याच्या तर पृष्ठभागावरच वायू आदळतो. हे किरण बाहेर निघताना वायूतल्या इलेक्ट्रॉनांना ढकलतात आणि इलेक्ट्रॉनांच्या ओढीने प्रोटॉनही मागे रेटले जातात. म्हणजे आधी पडलेला माल मागून येणाऱ्याची वाट अडवतो!

मला आई आठवली. ती दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीने बाजरी उपणायची. म्हणायची, "वारं बेताचं असलं तर दाणा पायाशी पडतो. लई झालं तर दाणाबी जातो."

आकाशातल्या या बेताला इंग्रज शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचं नाव आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ही मर्यादा सूर्याच्या तेजाच्या सुमारे 33 हजार पट. पण हा हिशेब चहूबाजूंनी सारखा वायू पडतो असं धरून केलेला. माल एका वाटेने आला आणि प्रकाश दुसऱ्या वाटेने निसटला, तर मर्यादा ओलांडता येते. एम 82 दीर्घिकेतला एक न्यूट्रॉन तारा मर्यादेच्या सुमारे शंभरपट तेजस्वी असल्याचं 2014 साली दिसलं.

आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उपकरणं 1996 साली भारतीय उपग्रहावरून अवकाशात गेली. गरुड तारकासमूहातल्या जीआरएस 1915+105 या कृष्णविवराजवळून क्ष-किरणांचे झोत ठरावीक अंतराने उसळताना त्यांनी टिपले. चकतीचा आतला भाग रिकामा होतो, पुन्हा भरतो. त्यामागे प्रारणाचाच दाब असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. 2015 साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही या कृष्णविवराचा वेध घेतला.

रात्री मुलीला बसवून माझं उत्तर दुरुस्त केलं. ती म्हणाली, "मग आजीला हे ठाऊकच होतं!"

वाऱ्याचा बेत आईला ठाऊक होता. आकाशाचं गणित मात्र तिच्यापर्यंत कोणी आणलंच नाही. मुलीने अकरावीला विज्ञान घ्यायचं ठरवलं आहे. फीचा हिशेब मी मांडतो आहे.