एन्टरप्राइझची डावी बाजू

ऑक्टोबर २०१५. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयानं लोकांना विनंती केली : ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एन्टरप्राइझ यानाच्या मॉडेलचे १९७६ पूर्वीचे फोटो किंवा फिल्म कुणापाशी असेल तर कळवा. बांधणीच्या वेळचे, चित्रीकरणाचे, प्रदर्शनातले, कुठलेही चालतील. पण प्रत्यक्ष तिथं काढलेले हवेत. मॉडेल पूर्ववत करायचं होतं. राइट बंधूंचं विमान आणि अपोलो ११ ची कुपी सांभाळणारी ही संस्था. तिनं पुराव्यासाठी लोकांच्या घरातल्या अल्बमांकडे वळावं, हे मला फार आवडलं.

*

मॉडेल अकरा फुटांहून थोडं लांब. लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा. आराखडा मॅट जेफरीज यांचा. ते स्वतः विमान चालवायचे, त्यामुळे त्यांचं यान कुठं तरी उडू शकेल असं वाटतं. १९६४ मध्ये रिचर्ड डेटिन आणि त्यांच्याबरोबरच्या कारागिरांनी ते कॅलिफोर्नियात बांधलं. तेव्हा आत एकही दिवा नव्हता, दिवे नंतर बसले.

*

ज्यांनी मालिका पाठ केली आहे त्यांनाही ठाऊक नसतं, की या यानाची डावी बाजू जवळजवळ कोरी आहे. कॅमेरा उजवीकडं असायचा, दिव्यांच्या वायरी डाव्या अंगातून बाहेर काढलेल्या असायच्या. न दिसणाऱ्या बाजूवर खिडक्या आणि अक्षरं कोण रंगवणार? यान उलट्या दिशेनं जाताना दाखवायचं, तर उजव्या बाजूवरच उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म फिरवून घ्यायची.

म्हणून हे यान अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पाहणाऱ्यानं मनात पुरं केलं.

*

१९७४ मध्ये पॅरामाउंटनं ते संग्रहालयाला देऊन टाकलं. पुढं त्याच्या तीन दुरुस्त्या झाल्या. १९९१ च्या दुरुस्तीत यानाच्या अंगावर पत्र्यांच्या सांध्यांसारख्या चौकटी ठळक छटा देऊन रंगवल्या गेल्या. चाहते नाराज झाले आणि ती नाराजी वर्षानुवर्षं टिकली. मला त्यांचं पटतं. काम मन लावून केलेलं होतं, पण पडद्यावर दिसायचं ते यान हे नव्हे.

एक गोष्ट मात्र वाचली. पुढच्या मोठ्या तबकडीच्या वरच्या भागाला कुणी हात लावला नव्हता. साठच्या दशकातला मूळ रंग, पेन्सिलीनं ओढलेल्या फिक्या रेघा, सगळं जागेवर होतं. खरा रंग कोणता, या वादाचं उत्तर इतकी वर्षं यानाच्याच माथ्यावर होतं.

*

एप्रिल १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीच इथल्या गोल्डन वेस्ट कॉलेजात हे मॉडेल काही दिवस मांडलं होतं. मालिका बंद पडून तीन वर्षं झाली होती. तरी माणसं कॅमेरे घेऊन गेली. कुणी आवडत्या यानाचा फोटो काढला, कुणी त्यासमोर उभ्या असलेल्या घरच्या माणसाचा. दुरुस्त्यांच्या आधी यान कसं होतं, हे सांगणारे साक्षीदार म्हणजे असलेच फोटो.

आणि फिल्मचे तुकडे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची लिंकन एन्टरप्रायझेस ही कंपनी चित्रीकरणातून उरलेल्या फिल्मच्या चौकटी कापून टपालानं चाहत्यांना विकायची. संकलनाच्या टेबलाखाली जायची ती फिल्म लोकांनी पैसे मोजून घेतली आणि जपली. निर्मात्यांनी टाकाऊ ठरवलेलं चाहत्यांनी सांभाळायचं, हे या मालिकेच्या बाबतीत पहिल्यापासून चालत आलं आहे.

*

पूर्ववत करायचं म्हणजे कोणत्या दिवसासारखं? चित्रीकरण चालू असताना मॉडेल वेळोवेळी बदलत गेलं होतं. संग्रहालयानं ऑगस्ट १९६७ हा काळ धरला. तेव्हा ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागाचं काम चालू होतं आणि यानातला शेवटचा ज्ञात बदल त्याच सुमाराचा. एवढं नेमकं ठरवता येतं ते फोटो एकमेकांशेजारी ठेवून. ही खिडकी इथं आहे, तिथं नाही. म्हणजे हा फोटो आधीचा. चाहते हे काम कुणी न सांगता अनेक वर्षं करत आले होते. मॉडेलची मापं घेऊन आराखडे काढणारे गॅरी कर आणि मालिकेच्या पुढच्या पिढ्यांचे कलाकार मायकेल ओकुडा या कामात सल्लागार होते. चाहत्याला सल्लागाराची खुर्ची मिळाली, हे रास्तच झालं.

*

काम चाललं संग्रहालयाच्याच, व्हर्जिनियातल्या उडवार-हेझी केंद्राच्या प्रयोगशाळेत. क्ष-किरणांनी आतले सांधे आणि खिळे पाहिले, अतिनील प्रकाशात जुनी-नवी रंगलेपनं वेगळी ओळखली. रंग निघाला हिरवट झाक असलेला राखाडी. टीव्हीवर तो कधी पांढरा दिसे, कधी निळसर.

नवे दिवे एलईडीचे बसवले. आणि डावी बाजू कोरीच ठेवली! हा निर्णय मला सगळ्यांत मोठा वाटतो. खिडक्या रंगवून यान ‘पूर्ण’ करणं हातात होतं, पैसे होते, कुशल माणसं होती. त्यांनी तो मोह आवरला.

*

याच केंद्रात २०१२ पर्यंत खरं स्पेस शटल एन्टरप्राइझ उभं होतं. त्याला ते नाव मिळालं १९७६ मध्ये, चाहत्यांनी पत्रांचा मारा केला म्हणून. ते शटल अवकाशात कधी गेलंच नाही, त्याच्यावर वातावरणातल्याच चाचण्या झाल्या.

*

ऐंशीच्या दशकात ही मालिका आपल्याकडं दूरदर्शनवर लागायची. तिच्या प्रेमात पडलेली मराठी माणसंही आहेत. वॉशिंग्टनला संग्रहालयात गेलात तर हे यान डाव्या बाजूनंही पाहा.

*

१ जुलै २०१६ रोजी, संग्रहालयाची वॉशिंग्टनमधली इमारत उघडून बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, यान पुन्हा लोकांसमोर आलं.

*

एक धाकटं मॉडेलही होतं, सुमारे तीन फुटांचं, मोठ्याच्या आधी बनवलेलं. रॉडनबेरींनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते उसनं दिलं आणि ते परत आलं नाही. २०२३ मध्ये ते अचानक विक्रीला दिसलं. चाहत्यांनी लगेच ओळखलं आणि बोलायला सुरुवात केली. २०२४ मध्ये ते रॉडनबेरींच्या मुलाकडं परत पोचलं. आता त्याला नव्यानं रंग देऊ नये. धूळ पुसावी, मोडलेलं असेल ते सांधावं आणि आधी जुने फोटो गोळा करावेत.