आपली विश्वासू

श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले गाव. चहूकडे उसाचे मळे आणि मध्ये कारखान्याचे उंच धुराडे. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या साखर कारखान्याच्या आधाराने हे गाव वाढले. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की हवेत मळीचा वास भरतो आणि उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर लांबपर्यंत लागते. या गावात माझे अब्बा फिटरचे काम करीत.

माझे शालेय शिक्षण मात्र सोलापूरला झाले. खालाच्या घरी राहून मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकले. मराठी हा आमचा दुसऱ्या भाषेचा विषय. कॉलेज अकलूजला झाले. २०११ साली मी बी.ए. झाले. पुढे बी.एड. करायची इच्छा होती. पण घरात पाठच्या दोन भावांची शिक्षणे चालू होती. दोन वर्षे काही काम करावे, पैसे साठवावेत आणि मग पुढचे पाहावे, असे मी ठरवले.

त्याच सुमारास गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. ‘ग्रंथपाल पाहिजे. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात करावा.’ पगार थोडा होता. काम सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास.

घरी ही गोष्ट सांगताच एक नातेवाईक म्हणाले, “मराठी वाचनालयात तुझे काय काम? चार लोकांसमोर टेबलावर बसायचे. एखादा शब्द अडला तर हसतील.”

अम्मी काहीच बोलल्या नाहीत. अब्बा मात्र शांतपणे म्हणाले, “अर्ज म्हणजे विनंती. विनंती करायला कसली लाज? मिळाली नोकरी तर कर. नाही मिळाली तर कागदाचे नुकसान झाले, इतकेच.”

अब्बांचे हे बोलणे ऐकून माझे लक्ष त्या शब्दाकडे गेले. ‘अर्ज’ हा तर आपल्या घरातलाच शब्द! उर्दूत आपण अर्ज करतो आणि मराठीतही अर्जच करतो. मी कागद घेतला. उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. अध्यक्षांना उद्देशून ‘महोदय’ लिहिले. विषय, शिक्षण, सोबत जोडलेल्या प्रती, सारे शाळेत शिकवल्याप्रमाणे मांडले. शेवटी लिहिले, ‘आपली विश्वासू’. शाळेत हे दोन शब्द मी कितीदा लिहिले असतील! तेव्हा ते दोन गुणांसाठी असत. त्या दिवशी ते माझ्या नावाच्या वर बसले आणि खाली सही करताना माझा हात क्षणभर थांबला.

मुलाखत वाचनालयातच झाली. कार्यकारी मंडळाचे तिघे जण समोर बसले होते. अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे.

गुरुजींनी विचारले, “बेटा, तुझी भाषा उर्दू. इथली बहुतेक पुस्तके मराठी. कसे जमेल?”

मी म्हणाले, “मराठी मी आठ-दहा वर्षे शिकले आहे, गुरुजी. अडलेला शब्द कोशात पाहीन. कोशात नाही सापडला तर तुम्हांला विचारीन.”

दुसऱ्या सदस्यांनी एक जाडजूड नोंदवही माझ्यापुढे ठेवली. “हे वाचून दाखवा.” मी रकान्यांची नावे वाचू लागले. दाखल तारीख, किंमत, मुदत, जमा, बाकी, अनामत. वाचता वाचता माझी भीती पळाली. हे सगळेच शब्द मला लहानपणापासून ओळखीचे होते. अरबी-फारसीतून निघून ते कधीचेच मराठीत येऊन राहिले होते. मराठीने त्यांना परके मानले नव्हते. मग मी तरी स्वतःला परकी का समजावे?

आठ दिवसांनी मला कामावर यायचा निरोप आला.

ग्रंथपालाचे काम म्हणजे पुस्तके देणे आणि घेणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काम कितीतरी मोठे निघाले. नवे पुस्तक आले की ते दाखल नोंदवहीत लिहायचे. त्याला क्रमांक द्यायचा. पहिल्या पानावर शिक्का मारायचा आणि आतल्या एका ठरावीक पानावरही मारायचा. ते पान प्रत्येक ग्रंथालयाने आपापले ठरवलेले असते. कोणी पहिले पान फाडले, तरी पुस्तक कोणाचे ते कळते. मग पुस्तकाला वर्गांक द्यायचा. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व ज्ञानाचे दहा मोठे विभाग पाडले आहेत. ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य, ९०० म्हणजे इतिहास-भूगोल. जगात कुठेही ही पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात जा, विज्ञानाचे पुस्तक ५०० च्या घरात सापडेल.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याप्रमाणे शासन ग्रंथालयांना मान्यता देते, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरवते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. कारभार मात्र गावातल्या लोकांनी निवडलेले मंडळ पाहते. आमचे वाचनालय ड वर्गाचे, म्हणजे सर्वांत लहान. दोन खोल्या, सात कपाटे, एक लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रे. वर्तमानपत्र कोणीही येऊन फुकट वाचावे. पुस्तक घरी न्यायचे असेल तर सभासद व्हावे लागे. त्यासाठी महिन्याची वर्गणी आणि अनामत रक्कम भरावी लागे.

‘अनामत’ या शब्दावर मी पुष्कळ विचार केला आहे. उर्दूत आपण ‘अमानत’ म्हणतो. विश्वासाने सोपवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. मराठीत आधी भरून ठेवायच्या रकमेला अनामत म्हणतात. शब्द एकच, पण एकीकडे तो विश्वास दाखवतो आणि दुसरीकडे विश्वासाच्या बदली ठेवलेले पैसे. या दोन अर्थांमधले अंतर मला एका लहान मुलीमुळे कळले.

गाळपाच्या दिवसांत बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आमच्या भागात येतात. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. थोरली मुले धाकट्यांना सांभाळतात. त्यांपैकी एक अकरा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाचनालयाच्या दारात उभी राहू लागली. तिसऱ्या दिवशी मी तिला आत बोलावले. तिने टेबलावरचे वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवले. गावाकडे ती पाचवीत होती. हंगामासाठी शाळा सुटली होती.

भाऊ रडू लागला की तिला उठावे लागे. एकदा तिने हळूच विचारले, “ताई, हे पुस्तक कोपीवर नेऊ का? रात्री वाचून उद्या आणते.” तिच्या हातात शास्त्रज्ञांच्या गोष्टींचे पुस्तक होते.

नियमाप्रमाणे तिला पुस्तक देता येत नव्हते. अनामत भरायला पैसे नव्हते आणि गावात कायमचा पत्ताही नव्हता. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “नियम सोडता येणार नाही. पण सभासदासाठी दुसऱ्या कोणी जामीन राहायचे आणि अनामत भरायची, तर त्याला नियमाची आडकाठी नाही. पुस्तक गेले तर भरपाई जामिनाने करायची. कोण राहील जामीन?”

“मी राहते,” मी म्हणाले.

पहिल्या पगारातून मी तिची अनामत भरली. घरी हे कळल्यावर ते नातेवाईक पुन्हा म्हणाले, “आज इथे, उद्या तिथे अशी ही माणसे. पुस्तक गेले म्हणून समज.” मी उत्तर दिले नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतेच. पुस्तक परत येईल, हे मी कशाच्या जोरावर सांगणार होते?

पुढचे तीन महिने ती मुलगी पुस्तके नेत राहिली आणि आणत राहिली. कधी कव्हरला चुलीच्या धुराचा वास येई. पण पान एकही दुमडलेले नसे.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. गाळपाचा हंगाम संपला की आमच्याकडे असे म्हणतात. एका सकाळी मी वाचनालय उघडायला गेले, तर शेजारच्या चहावाल्या चाचांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके दिले. “पहाटे ती पोरगी देऊन गेली. टोळी रात्रीच निघणार होती. ती मुकादमाला थांबवून पळत आली.”

पुडक्यात ते शास्त्रज्ञांचे पुस्तक होते. तिने ते दुसऱ्यांदा नेले होते, आपल्या आईला वाचून दाखवण्यासाठी. आत खुणेसाठी उसाच्या पाचटाचा एक तुकडा ठेवलेला होता. खूण ६२ व्या पानावर होती. पुस्तक ९६ पानांचे होते.

मी देवघेवीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘जमा’ लिहिले. हिशोब पूर्ण झाला. तिने आपली अमानत परत केली होती. आमच्याकडे मात्र तिच्या आईची ३४ पाने राहून गेली. त्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गाला जात होते. तेथे मला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची माहिती मिळाली. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या शांत इमारतीत त्यांचे मन रमेना. परत शिकवायला जावे असे त्यांना वाटू लागले. पुढे ते इंग्लंडला गेले. तिथली ग्रंथालये सर्व थरांतल्या लोकांच्या कशी उपयोगी पडतात, हे त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी सारे आयुष्य या कामाला दिले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. १९३१ सालीच तमिळनाडूतील मन्नारगुडी भागात बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राज्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या माळावरच्या बैलगाड्या आल्या. ज्याला वाचनालयात येता येत नाही, त्याच्याकडे पुस्तकाने जावे, ही कल्पना जुनीच होती. आम्ही ती फक्त श्रीपूरला आणायची होती. मी मंडळाला पुन्हा एक अर्ज केला. या वेळी तो नोकरीसाठी नव्हता. पुढच्या हंगामात एक पत्र्याची पेटी आणि तीस पुस्तके दर रविवारी कोप्यांवर नेण्याची परवानगी मी मागितली. अनामत नको, नावाची नोंद पुरे, असेही लिहिले. मंडळात बरीच चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, “तीसमधली दहा तरी परत येतील का?” गुरुजी म्हणाले, “पाहू या. सरकारने अनुदान दिले ते कपाटांना कुलपे लावण्यासाठी तर नाही!”

पेटी निघाली. माझा धाकटा भाऊ सायकलवर ती मागे बांधून नेई. हंगाम संपला तेव्हा तीसपैकी सत्तावीस पुस्तके परत आली. एक पावसाने भिजून खराब झाले. दोन कोणाबरोबर तरी गेली. ती दोन कुठल्या तरी गावात आजही वाचली जात असतील, असे मी मानते. शास्त्रज्ञांच्या गोष्टींचे पुस्तक मी प्रत्येक रविवारी पेटीत ठेवत असे. पण ती टोळी पुन्हा श्रीपूरला आली नाही.

दोन वर्षांनी मी बी.एड.ला गेले. आता मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नववीच्या वर्गात अर्जलेखन आले की मुले तारीख, विषय, मायना भराभर लिहितात. शेवटच्या ओळीपाशी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “बाई, ‘आपला विश्वासू’ लिहिले नाही तर किती गुण जातात?”

मी त्याला गुण सांगते. मग म्हणते, “पण लिहिलेस तर काय काय करावे लागते, ते ऐक.” आणि मी त्यांना ६२ व्या पानावरच्या खुणेची गोष्ट सांगते.