हवेवर उभी असलेली गाडी



गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक गोष्ट घडली. ती सांगताना मला थोडी लाज वाटते. तरी पण सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात गाड्या उभ्या असतात.

आमच्याकडे एक जुनी बस आहे. अण्णांनी ती हप्त्यावर घेतली आहे. पहाटे ते चिंचवडहून कामगारांना घेऊन म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला पोचवतात. एक दिवस जरी गाडी चुकली तरी सायबाचा फोन येतो. दोन-चार वेळा चुकली तर काम दुसऱ्याला मिळते. आणि हप्ता काही थांबत नाही!

आपल्या चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणारे ट्रक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या चाकांवर पोलादी पाटे असतात. आमच्या बसला पाट्यांऐवजी रबराचे जाड फुगे आहेत, पुढे दोन व मागे चार. ड्रायव्हर लोक त्यांना ‘बलून’ म्हणतात. इंजिनाजवळचा पंप त्यांत हवा भरतो आणि सगळी बस त्या हवेवर उभी राहते. म्हणून खड्ड्यात गाडी गेली तरी कामगारांना फार दणका बसत नाही. चाकणला 2009 पासून मर्सिडीज मोटारींचा कारखाना आहे. त्यांच्या काही मोटारींनाही असेच हवेचे फुगे असतात.

नुसत्या हवेवर एवढी जड बस कशी उभी राहते? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “20 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पाटी घे. तिचे क्षेत्रफळ किती?” मी म्हणालो, “400 चौरस सेंटिमीटर.” “मग दर चौरस सेंटिमीटरवर हवेने 5 किलोचा जोर लावला तर?” मी गुणाकार केला. 2000 किलो! म्हणजे वीस क्विंटल कांदा. गुरुजींनी आणखी एक माहिती दिली. 1888 साली डनलॉप नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले. मला वाटले, बापाने पोरासाठी केलेली वस्तू आज सगळ्या जगाला उपयोगी पडते आहे.

आता आमच्या गाडीचे दुखणे सांगतो. रोज सकाळी ती डाव्या बाजूला मागून खाली बसलेली दिसायची, म्हशीने एक पाय दुमडावा तशी. इंजिन सुरू केले की दहा मिनिटांत पुन्हा वर. आबा म्हणाले, “आरं, कुठंतरी हवा जातीया.” ब्रेकलाही हवा त्याच पंपाची लागते. त्यामुळे गळती तशीच ठेवून चालत नाही.

अण्णांनी बादलीत साबणाचे पाणी केले. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, पण बसचा फुगा कसा बुडवणार? म्हणून ब्रशने पाणी लावायचे. नळीच्या जोडावर बुडबुडे आले. अण्णांनी पान्याने जोड आवळला. आम्हाला वाटले, झाले काम. पण दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसलेलीच! पुन्हा साबण लावला. या वेळी फुग्याच्या घडीत, जिथे रबराला बारीक भेगा होत्या, तिथे फेस आला. फुगाच बदलायला हवा होता.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. अण्णांनी नवा फुगा आणला. चाकांना पुढून-मागून दगड लावले, जॅकने चेसी उचलली. मग मला म्हणाले, “जा रं, ते बाभळीचे दोन ओंडके घेऊन ये.”

माझ्या पोटात धस्स झाले. ते ओंडके चेसीखाली टेकू द्यायला आबांनी मुद्दाम तोडून ठेवले होते. आणि आम्ही पोरांनी ते ओढ्याकाठच्या माळावर क्रिकेटच्या यष्ट्या म्हणून नेले होते! मी गप्पच उभा राहिलो. अण्णांनी इकडेतिकडे पाहिले.

“जाऊ दे,” ते म्हणाले, “जॅक हाय की. दोन मिनिटांचं काम.” आणि ते पाठीवर झोपून आत सरकू लागले.

खरे सांगितले तर मार मिळेल, एवढेच मला आधी सुचले. मग अण्णांचे डोके चेसीखाली जाताना दिसले आणि मी ओरडलो, “अण्णा, थांबा! ओंडके मी नेलेत. माळावर हायत. आत्ता आणतो!”

अण्णा बाहेर आले. काही बोलले नाहीत. मी नि धाकटा भाऊ पळत गेलो व एकेक ओंडका खांद्यावर घेऊन आलो. आबांनी ते चेसीखाली उभे केले. वर चार बोटे जागा राहिली.

अण्णा पुन्हा आत गेले. चेसीवर एक छोटा वॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की दांडी वर जाते आणि फुग्यात हवा येते. गाडी उंच झाली की दांडी खाली जाते आणि हवा सुटते. अण्णांनी ती सोडवून खाली ओढली. भस्सकन हवा गेली. सगळा भार जॅकवर आला, त्याच्याखालची फळी कलली, जॅक तिरका झाला आणि बस धाडकन ओंडक्यांवर बसली.

आई दारातून धावत आली. आतून अण्णांचा आवाज आला, “मला काय न्हाय झालं.” तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. चार बोटांवरच सगळे निभावले.

मग अण्णांनी जॅक सपाट जागी नीट लावला, टाकीतली हवा सोडली, नट काढून जुना फुगा उतरवला, नवा बसवला. हवा भरल्यावर पुन्हा साबण लावला. एकही बुडबुडा नाही! मी दोरीने दोन्ही बाजूंची उंची मोजली, सारखी भरली. शुक्रवारी पहाटे गाडी सरळ उभी होती.

अण्णांनी मला मारले नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाले, “हवेवर गाडी चालवायची, पर हवेच्या भरवशावर तिच्याखाली जायचं न्हाय. आन् तू बोललास ते बरं केलंस.”

आता ओंडक्यांवर मी चुन्याने ‘गाडीचे’ असे लिहिले आहे. आम्ही विटांच्या यष्ट्या करतो. मित्रांनो, आपल्या हातून चूक झाली असेल तर ती वेळेवर सांगावी. आमच्या घरी तेवढीच वेळ होती.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी