मुखाबाहेर, पण लगत

एका रसायनशास्त्रज्ञ मित्राच्या लेखाची भाषा तपासण्याचे काम आम्ही स्वीकारले, तेव्हा विषय आम्हांस परका होता. भरवसा होता तो व्याकरणावर. लेख काचेच्या चिपवरील विलगीकरणाविषयी होता. केसाहून अरुंद अशा वाहिनीच्या दोन टोकांना हजारएक व्होल्टचा विद्युतदाब दिला की द्रावणातील घटक आपापल्या वेगाने निघतात आणि एकेक करून मुखाशी पोहोचतात. ते पोहोचले हे ओळखावे कसे? साध्या प्रकाशाने पाहावे, तर वाहिनी इतकी उथळ की त्याचे शोषण नगण्य. लेसरने चमकवून पाहावे, तर बहुतेक रेणूंना आधी चमकणारी खूण जोडावी लागते. म्हणून तेथे इलेक्ट्रोड ठेवतात. डोपामिनचा रेणू त्याला स्पर्शून दोन इलेक्ट्रॉन देतो. त्यातून उमटणारा प्रवाह हीच त्याच्या आगमनाची वर्दी.

लेखात एक वाक्य होते : इलेक्ट्रोड वाहिनीच्या मुखाबाहेर, पण मुखाशी अगदी लगत असावा. आम्हांला त्यात विसंगती दिसली. 'बाहेर' खोडून आम्ही 'मुखाशी' एवढेच ठेवले. वाक्य सुबक झाले. मित्राने मात्र खोडलेला शब्द पुन्हा लिहिला आणि समासात कारण दिले.

ही वर्दी नॅनोअँपिअरची, कधी पिकोअँपिअरची. म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाची. वाहिनीतून मात्र विलगीकरणाचा मायक्रोअँपिअरचा प्रवाह वाहत असतो. इलेक्ट्रोड आत ठेवला तर त्या गलक्यात ही कुजबुज हरवते. दूर ठेवला तर वेगळे झालेले घटक पसरून पुन्हा एकमेकांत मिसळतात. १९९८ साली बर्कली येथे वूली, मॅथीज प्रभृतींनी इलेक्ट्रोड चिपवरच घडवला, तोही मुखाच्या जरासा बाहेर. आम्ही जो शब्द फालतू मानला, त्यावर सारे उपकरण उभे होते.

त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा आमच्या टेबलावर होता. एकीने लिहिले होते की कविता आपल्याला कळलेली नाही, पण तिच्याजवळून हलताही येत नाही. त्याखाली आमचीच लाल रेघ होती आणि शेरा : 'विसंगत'. अशा किती रेघा आम्ही आजवर ओढल्या, याचा हिशेब आता लागणार नाही. ते निबंध केव्हाच परत गेले. लाल शाई पुसता येत नाही. आम्ही शेरा खोडला आणि शेजारी लिहिले : 'तसेच ठेवावे.'