वरचा रुपया

लग्नसराई आली की आमच्या कराडच्या घरी आजी दुपारची जेवणं उरकून पाकिटं करायला बसायची. पाकीट म्हणजे वहीच्या कोऱ्या कागदाची घडी. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, आत दहाची नोट आणि दर्शनी बाजूला भाताच्या शिताने चिकटवलेला एक रुपया. अकरा रुपये म्हणजे तेव्हा घसघशीत आहेर. रुपया चिकटवायचं काम माझं. शीत बोटाखाली चुरडायचं, नाण्याच्या पाठीला फासायचं आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरायचं. एकदा मी विचारलं, नुसते दहा का नाही द्यायचे? आजी म्हणाली, "दहा झाले की संपलं गं. वरचा एक असला की पुढचं दार उघडं राहतं."

आजोबांचं अडतीचं दुकान होतं. मापाडी धान्य मोजायला बसला, की पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन, चार. शाळेत नुकतेच अंक शिकत असलेल्या मला याचं मोठं नवल वाटे. बाकीचे अंक आपापल्या नावाने येत आणि एकाला तेवढा मान. घरी आहेराच्या पाकिटावर बसणारा एक आणि दुकानात 'लाभ' म्हणवून घेणारा एक, हे दोन्ही माझ्या मनात तेव्हापासून जोडीने राहिले.

पुढे कळलं, की हे वरचं देण्याचं वेड एकावर थांबत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. देवापुढे ठेवायचा तोही सव्वा रुपया. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ होती. त्यांच्या लेखी अपूर्णांक हे पूर्णांकांइतकेच घरचे होते. त्यांच्या उमेदीच्या काळात रुपयाचे आणे सोळा, म्हणून रुपया आणि एक पावली झाली की सव्वा. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तरी सव्वाला धक्का लागला नाही. पावलीची जागा पंचवीस पैशांच्या नाण्याने घेतली आणि तोंडात नाव 'चार आणे'च राहिलं. पुढे 30 जून 2011 पासून पंचवीस पैशांचं आणि त्याखालचं नाणं चलनातून गेलं. त्या दिवसापासून देवापुढे चालू नाण्यांत नेमका सव्वा रुपया ठेवणं शक्य उरलं नाही. पेढे मात्र आजही सव्वा किलोच बोलले जातात. नाणं गेलं, नवस बोलण्याची रीत तीच आहे.

या पाव हिश्शाचा मान किती, ते आपल्या इतिहासातही दिसतं. जयपूर वसवणारा जयसिंह 'सवाई' म्हणवला गेला. तिथल्या राजवाड्यावर एका पूर्ण निशाणाच्या वर पाव आकाराचं दुसरं निशाण फडकतं. पुरंदर किल्ल्यावर 1774 साली जन्मलेल्या बाळ पेशव्याला आपण सवाई माधवराव म्हणतो. कुंदगोळच्या रामभाऊंना लोकांनी सवाई गंधर्व केलं आणि 1953 पासून त्यांच्या नावाचा महोत्सव पुण्यात रात्री जागवू लागला. नुसतं मोठं म्हणून आपलं समाधान होत नाही. मोठ्याहून पावभर पुढे गेलेला, तो खरा.

मी अकरा वर्षांची असताना आजोबा गेले. दुखवट्याची पाकिटं आली. मी ती सवयीने उलटीपालटी करून पाहिली. एकावरही रुपया नव्हता. मी कोठीत जाऊन आमच्या डब्यातला रुपया काढला आणि शीत शोधायला लागले. आजीने माझा हात धरला. तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र घोगरा झाला होता. "नको बाळ. इथे पुढचं नको." एवढंच ती बोलली. दार उघडं ठेवायचं तसं काही दारं लावूनही घ्यायची असतात, हे मला त्या दिवशी समजलं.

1991 साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला गेलो. सरकारी वसाहतीतल्या एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं. शेजारी एक कँटोनीज आँटी राहायच्या. साठीच्या, एकट्या. मला मुलगी झाली तेव्हा माझी आई येईपर्यंत पंधरा दिवस त्यांनीच मला गरम गरम सूप करून पाजलं. वर्षभराने आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि आम्हालाही बोलावणं आलं. मी आजीसारखं पाकीट केलं. घरात होतं ते लांब पांढरं पाकीट, त्यात शंभर डॉलरची नोट, वर कुंकवाचं बोट आणि शिताने चिकटवलेलं एक डॉलरचं नाणं. एकशे एक.

लिफ्टमध्ये आँटींची नजर त्या पाकिटावर गेली. त्यांनी लिफ्टचं दार हाताने अडवलं आणि मला परत आपल्या घरात नेलं. खणातून एक लाल पाकीट काढलं, माझी नोट त्यात सरकवली. नाणं नखाने हलकेच सोडवलं, पदरासारख्या आपल्या रुमालाने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तू घरी ठेव," त्या म्हणाल्या. मग समजुतीच्या सुरात सांगितलं, की त्यांच्यात पांढरं पाकीट मरणाच्या घरी नेतात आणि त्यात रक्कम विषम असते, बऱ्याचदा शेवटी एक येणारी. एकशे एक, तीनशे एक, पाचशे एक. लग्नाला लाल पाकीट आणि सम आकडा. "सुख जोडीने यावं, दुःख एकटंच यावं आणि एकटंच जावं."

मी सुन्न झाले. जो रुपया मी लहानपणापासून शुभ म्हणून अंगठ्याखाली दाबला होता, तो या दारात शोकाचा होता. मंडपात शिरताना भिंतीवर लाल कागदातलं मोठं अक्षर दिसलं. आनंद हा एकच शब्द जोडून दोनदा लिहिलेला. लग्नाघरी हे अक्षर हमखास असतं. चार हा आकडा मात्र तिथे नको असतो, कारण चिनी बोलींमध्ये त्याचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो. हाँगकाँगच्या कितीतरी इमारतींत चौथा मजलाच नाही. आठाचा नाद भरभराटीच्या शब्दाशी जुळतो, म्हणून बीजिंगचं ऑलिंपिक 2008 च्या आठव्या महिन्यात, आठ तारखेला, रात्री आठ वाजता सुरू झालं.

पुढे एका जपानी मैत्रिणीकडून आणखी एक रीत कळली. त्यांच्याकडे लग्नाला नोटा विषम देतात. तीस हजार येन द्यायचे तर दहा हजारांच्या तीन. सम रक्कम दोघांत सरळ वाटली जाते, आणि वाटणीची सावलीसुद्धा नव्या जोडप्यावर नको. त्या नोटा कोऱ्या हव्यात, आनंदाची तयारी आधीपासून केली होती हे दिसावं म्हणून. दुखवट्याला मात्र कोरी नोट देत नाहीत. मरणाची वाट पाहत कुणी तयारीत बसलं होतं, असं वाटू नये.

दोन हा आकडा तिन्ही घरी एकच. जपानी माणसाला त्यात ताटातूट दिसते, चिनी माणसाला सोबत. आपण दोनाकडे पाहतच नाही, आपली नजर शेवटच्या शून्यावर असते. आपल्याला धास्ती वाटते ती संपण्याची. ज्याला जे जपायचं असतं आणि जे गमावण्याची भीती असते, तेच तो आकड्यात आणि रंगात भरतो. म्हणून दुसऱ्याचा शुभ आकडा कळला, की त्या माणसाच्या काळजातली सगळ्यात हळवी जागा कळते. आँटींनी मला त्या दिवशी एक रीत शिकवली खरी, पण मला वाटतं त्यांनी त्यांची एकटेपणाची भीतीच माझ्या हातावर ठेवली होती.

ते नाणं मी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. सोनेरी रंगाचं, एका बाजूला सदाफुलीचं फूल असलेलं. वीस-बावीस वर्षं ते तिथेच होतं. मधल्या काळात मुलगी शिकून परदेशी गेली, सिंगापूरची नाणी बदलली, नव्या डॉलरला दोन धातूंची कडा आली.

मग एका पावसाळी सकाळी आँटी गेल्या. इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत पाच दिवस त्यांचं शव दर्शनाला ठेवलं होतं. असे दिवसही तिथे विषमच असतात. मी पांढरं पाकीट घेतलं. आत शंभरची नोट घातली आणि थांबले. दुखवट्यावर रुपया नको, असं आजीने बजावलं होतं. दुखवट्यातच तो हवा, असं आँटींनी शिकवलं होतं. त्यांच्या दारी त्यांचीच रीत पाळायची, हे मला फार विचार न करता कळलं. करंड्यातून नाणं काढलं. ते कुंकवाने माखलं होतं. पुसून, धुऊन, सदाफुलीच्या कडेत अडकलेली लाली ब्रशने काढून ते मी पाकिटात घातलं.

टेबलामागे बसलेल्या त्यांच्या भाच्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे आकडा टाकला, 101. आँटी, तुमचं दुःख एकटंच जावं, असं मी मनात म्हटलं. निघताना त्याने मला एक गोळी आणि लाल दोरा दिला. गोळी तोंडात टाकायची, दोरा बोटाला गुंडाळायचा आणि घरात शिरण्याआधी सोडून द्यायचा, म्हणजे मरणाची सावली मागोमाग येत नाही. इथे पुढचं नको, असं म्हणणारा आजीचा घोगरा आवाज मला त्या दोऱ्यात ऐकू आला.

दोरा मी लिफ्टबाहेर सोडला, आंघोळ केली आणि संध्याकाळी दिवा लावायला देवघरापाशी बसले. करंडा उघडला. कुंकवात नाण्याएवढा गोल खळगा तसाच होता. त्यावर बोट न लावता मी कडेचं कुंकू घेतलं.