काठीवरचें नांव

मासे धरण्याच्या काठीशीं आमचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडला तर त्यांत नवल नाहीं. आमच्या सात पिढ्यांत कोणीं गळ टाकला नाहीं, आणि पुढें कोणी टाकील असाही रंग दिसत नाहीं. परंतु मुलाच्या नोकरीमुळें उतारवयांत अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं येऊन राहण्याचा योग आला, आणि शेजार लाभला तो वेळूच्या काठ्या घडविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांच्या तळघरांत बसून त्या काठ्यांवर नांवें लिहिण्याचें काम गेलीं चार वर्षें आमच्याकडे आहे.

या काठ्या अखंड वेळूच्या नसतात. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत होणारा, व्यापारांत ‘टोंकिन’ या नांवानें ओळखला जाणारा वेळू उभा चिरावयाचा, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या केसाच्या हिशेबानें तासावयाच्या, आणि त्या चिकटवून एक षट्कोनी काठी करावयाची. 1950 सालीं अमेरिकेनें चिनी मालास बंदी केली तेव्हां हा वेळू येईनासा झाला, काचतंतूंच्या काठ्यांनीं बाजार व्यापला, आणि वेळूचे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. 1971 त बंदी सैल झाली, तरी हा धंदा पुढें हौसेचाच राहिला.

मुठीच्या वर या काठीची एकेक बाजू अवघी साडेचार मिलिमीटर रुंद असते. तेवढ्या पट्टींत कारागिराचें नांव, काठीची लांबी, तिचे तुकडे किती, तिला कोणत्या वजनाची दोरी चालते तो अंक, आणि मालकाचें नांव बसवावयाचें! कोऱ्या वेळूवर लिहिलें तर शाई तंतूंतून धांवते, म्हणून वॉर्निशचा एक थर वाळल्यावर त्याच्या पाठीवर लिहितात. चुकलें तर ओल्या फडक्यानें पुसतां येतें. वरून दुसरा थर बसला कीं मात्र तें कायमचें. शाई ती इंडिया इंक. नांव आमच्या देशाचें, पण मूळची चीनचीच. तेव्हां वेळू आणि शाई एकाच गांवच्या म्हणावयास हरकत नाहीं.

हीं अक्षरें आमच्या शेजाऱ्यांनीं तीस वर्षें स्वहस्तें लिहिलीं. मग कंपवातानें त्यांचा उजवा हात धरला. रंध्याला पोलादी साच्याची खोबण वाट दाखविते, दोन्ही हातांनीं तो दाबून धरतां येतो. लेखणीला असा आधार कोठला?

त्यांच्या मुलानें तोड सुचविली ती छापील अक्षरांची. शिवणाच्या जुन्या यंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी आमच्या भगिनींनीं पाहिली असेलच. तीही अशीच कागदावरून उतरविलेली असते. हल्लीं हीं अक्षरें घरच्या छपाईयंत्रावरही काढतां येतात. खळ दिलेल्या विशिष्ट कागदावर तीं छापावयाचीं, वरून पारदर्शक लेप फवारावयाचा, नाहीं तर फवाऱ्याच्या यंत्राची शाई पाण्यांत विरघळते. मग तुकडा कापून अर्धा मिनिट पाण्यांत ठेवला कीं खळ सुटते आणि पातळ पापुद्रा बोटानें काठीवर सरकवितां येतो. खालीं हवेचा बुडबुडा राहिला तर तेथें चंदेरी डाग दिसतो. घरच्या यंत्रांत बहुधा पांढरी शाई नसते, त्यामुळें काळ्या कार्बनच्या काठीवर हा उपाय लंगडा पडतो. मधाच्या रंगाच्या वेळूवर काळीं अक्षरें मात्र झकास उठतात.

मुलाचा बेत असा कीं, बापाच्या जुन्या काठ्यांवरील अक्षरांचीं छायाचित्रें घेऊन संगणकानें हवीं तीं नांवें जुळवावीं. वृद्ध गृहस्थांनीं तें साफ नाकारलें. त्यांचे शब्द आमच्या भाषेंत सांगावयाचे तर, “तो माझ्या हाताचा तोतया होईल.”

त्याच सुमारास आमच्या घरून त्यांच्याकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी गेली. लोणच्यापेक्षां बरणीवरील चिठ्ठीच त्यांनीं अधिक वेळ न्याहाळली. लहानपणीं बोरूनें गिरविलेला कित्ता साता समुद्रांपलीकडे असा उपयोगी पडेल, हें आमच्या पंतोजींच्या स्वप्नींही आलें नसेल.

आमच्या मंडळींना हें रुचलें नाहीं. “मासा हातीं धरायचा नाहीं, आणि गळाच्या काठीला मात्र अक्षर द्यायचें, हा कोणता धर्म?” त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. ऑ सेबल नदीच्या ज्या भागांत शेजाऱ्यांचीं गिऱ्हाइकें जातात तेथें धरलेला मासा सोडून देण्याचा नियमच आहे, असें आम्हीं सांगितलें. “टोंचायचें तें टोंचायचेंच ना?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. त्या नदीकांठीं ग्रेलिंग नांवाचें गांव आहे. ज्या माशावरून तें नांव पडलें तो मिशिगनच्या नद्यांतून 1936 च्या सुमारास नाहींसा झाला; अलीकडे त्याला परत आणण्याचे प्रयत्न चालले आहेत. सोडून देण्याचा नियम लोकांनीं उगाच पत्करला नाहीं, इतकें त्यावरून कळतें.

गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं नातीसाठीं काठी घेतली. हिचें नांव मीच लिहिणार, असा हट्ट. तीन वेळां लिहिलें, तीन वेळां पुसलें. तेव्हां आम्हीं विचारलें कीं, छापील पापुद्र्यावर तुमचा राग आहे कीं उसन्या अक्षरावर? मोठ्या कागदावर दोन दोन इंच उंचीचीं अक्षरें तुम्हीच काढा. अडीच मिलिमीटरवर आणतांना कंपही वीस पटींनीं लहान होईल.

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग कागद मागितला.

दोन दिवसांत त्यांनीं सव्वीस कागद लिहिले. लहान करून छापल्यावर बहुतेकांतला कंप दिसेनासा झाला. ते सगळे बाजूस सारून त्यांनीं जो निवडला त्यांत शेवटच्या अक्षराची शेपटी किंचित् थरथरलेली होती. पापुद्रा आम्हीं सरकविला, कारण तेवढें त्यांच्या बोटांना जमण्यासारखें नव्हतें. वर वॉर्निशचे तीन थर दिले आहेत. पापुद्र्याची कड तिरक्या उजेडांत अजून दिसते, म्हणून उद्यां चौथा द्यावयाचा आहे.